‘ठाऊक नाहीं’ हें उत्तर

शिक्षकास सर्व कांहीं ठाऊक असतें, अशी लहान मुलांची समजूत असते. आणि खरें सांगावयाचें तर ती समजूत मोडूं नये, अशी आम्हां शिक्षकांचीही मनांतून इच्छा असते. फळ्याजवळ उभें राहून ‘हें मला ठाऊक नाहीं’ एवढे चार शब्द उच्चारणें जितकें जड जातें, तितकें दुसरें कांहीं क्वचितच जात असेल. प्रस्तुत लेखकावर हे शब्द मोकळ्या मनानें उच्चारण्याचा प्रसंग प्रथम आला, तो आपल्याच केलेल्या एका चुकीचें प्रायश्चित्त म्हणून. ती हकीकत आधीं सांगतों आणि मग मुख्य विषयाकडे वळतों.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुट्टीनंतर वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन मी भाज्याचीं लेणीं पाहावयास गेलों होतों. मळवली स्टेशनावर उतरून दक्षिणेकडे चालूं लागलें, कीं भाजें गांवाच्या वर, विसापूरच्या डोंगराच्या कुशींत लेण्यांची रांग दिसूं लागते. त्या रांगेच्या दक्षिण टोकास एक विहार आहे. त्याच्या ओसरींत एका दाराच्या दोन्ही अंगांस दोन शिल्पें कोरलेलीं आहेत. डावीकडे चार घोड्यांच्या रथांत बसलेला एक पुरुष. त्याच्याबरोबर दोन स्त्रिया, एकीनें छत्र धरिलें आहे व दुसरी चवरी ढाळीत आहे. आणि रथाच्या खालीं कांहीं अवाढव्य, बेढब आकृति. उजवीकडे एका प्रचंड हत्तीवर आरूढ झालेला पुरुष. त्याच्या मागें ध्वज धरून बसलेला सेवक. आणि हत्तीच्या सोंडेंत मुळासकट उपटलेलें झाड. मीं मोठ्या ऐटींत मुलांस सांगितलें, “हा सूर्य, अंधाररूपी राक्षसांस तुडवीत चालला आहे. आणि हा ऐरावतावर बसलेला इंद्र.” मुलांनीं तें वह्यांत उतरून घेतलें.

पुढच्या आठवड्यांत एक मुलगा एक पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. त्यांत लिहिलें होतें, कीं सूर्य व इंद्र हें या शिल्पांचें जुनें स्पष्टीकरण खरें. परंतु कांहीं पंडितांच्या मतें हा मांधाता राजा असून, बौद्ध कथांत वर्णिलेल्या त्याच्या दिग्विजयाचें व उत्तरकुरु देशाच्या भेटीचें हें चित्र आहे. “सर, मग खरें कोणतें?” असें त्यानें विचारलें. खरें उत्तर असें होतें, कीं शिल्पावर नांव कोरलेलें नाहीं. कोरणारांनीं तें कोणाचें म्हणून कोरलें, हें निश्चित सांगतां येत नाहीं. हें मला त्या दिवशीं लेण्यांतच सांगतां आलें असतें. पण मुलांपुढें अडखळूं नये म्हणून मीं एक मत सिद्धांतासारखें सांगून टाकलें होतें. त्या मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण पुढें कांहीं दिवस मी जें जें सांगें, तें तें तो पुस्तकांत ताडून पाहत असे. एका खोट्या निश्चयाची किंमत काय असते, हें मला तेव्हां कळलें.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेच्या पत्रिकेंत जे प्रश्न असतात, त्यांचीं उत्तरें कोणाला तरी आधींच ठाऊक असतात. त्यामुळें प्रत्येक प्रश्नास उत्तर हें असतेंच, तें फक्त आपणांस पाठ नसतें, अशी आपली समजूत होऊन बसते. शाळेबाहेरच्या जगांत तसें नाहीं. तेथें कांहीं प्रश्नांचीं उत्तरें कोणासच ठाऊक नाहींत. परंतु असे सर्व प्रश्न एका जातीचे नसतात. त्यांचे निदान चार प्रकार आहेत, आणि ते पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या मावळांतच ते चारही भेटतात.

पहिला प्रकार, ज्यांचा पुरावा काळाच्या उदरांत नाहींसा झाला आहे अशा प्रश्नांचा. कार्ल्याचें चैत्यगृह आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. एकवीरा आईच्या दर्शनास जाणारे हजारों यात्रेकरू त्याच्या दारावरूनच जातात. सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असें हें मंदिर कातळ आंत आंत खोदीत नेऊन घडविलें आहे. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा आणि स्तूपाच्या मागें सात, मिळून ३७ खांब आहेत. छताच्या कमानीस बसविलेल्या प्राचीन लांकडी फांसळ्या अजून जागच्या जागीं आहेत. खांबांवर व भिंतींवर ब्राह्मी लिपींत कोरलेले लेख आहेत. ही लिपि वाचण्याची विद्या शेंकडों वर्षें लोपली होती. त्या काळांत ‘हीं लेणीं पांडवांनीं एका रात्रींत खोदलीं’ असें लोक सांगत. इ. स. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, आणि मग हे मुके दगड बोलूं लागले.

ते काय बोलले? वैजयंती येथील भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें शैलगृह पुरें केलें, आणि जंबुद्वीपांत याच्यासारखें उत्तम दुसरें नाहीं, असें त्यानें अभिमानानें लिहवून ठेविलें आहे. बाहेरचा सिंहस्तंभ गोतीचा पुत्र महारथी अग्निमित्रणक याची देणगी होय. स्तंभाची जोडी, जेथें आज एकवीरेचें देऊळ आहे तेथें असावी, असा तर्क करितात. एक दार सिंहदत्त नांवाच्या अत्तरें विकणाऱ्या गंध्यानें करविलें. सामि नांवाच्या सुताराचेंही नांव आहे. या मठाचें जुनें नांव वलूरक होतें. राजेरजवाड्यांच्या बखरींत ज्यांस कधीं स्थान मिळालें नसतें, अशा सुताराचें व गंध्याचें नांव दोन हजार वर्षें टिकलें, ही केवढी गोष्ट आहे!

आतां याच लेखांतून उत्पन्न होणारे प्रश्न पाहा. हे गंधी, हे सुतार आणि आणखी पुष्कळ दाते आपलें गांव ‘धेनुकाकट’ असें सांगतात. हें धेनुकाकट कोठें होतें? कोणी म्हणतात, तें आंध्र देशांत कृष्णेच्या कांठीं असलेलें धरणीकोट. इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या मतें तें कार्ल्याच्या आसपासच असावें. दुसऱ्या मतास आधार असा, कीं तळेगांवाजवळ शेलारवाडीच्या लेण्यांतील एका लेखांत धेनुकाकटच्या एका नांगऱ्या कुणब्याच्या बायकोनें केलेल्या दानाचा उल्लेख आहे. आणि शेतावर पोट असलेलें कुटुंब शेंकडों मैलांवरून येण्यापेक्षां जवळपासचें असणें अधिक संभवनीय. उलट पक्ष म्हणेल, कीं भक्त मनुष्य दूरची यात्रा करितोच, आणि भूतपालाची वैजयंती म्हणजे बहुधा कर्नाटकांतील बनवासी. तीही कांहीं जवळ नाहीं. दोन्ही बाजूंस कांहीं तरी आहे. निकाल लागेल इतकें कोणाच्याच पदरीं नाहीं. त्या नगराच्या नांवाचा एखादा लेख त्याच जागीं भूमींत सांपडेपर्यंत हा प्रश्न असाच उभा राहील.

दात्यांपैकीं कित्येक स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. पण त्यांचीं नांवें पाहिलीं तर सिंहध्वज, यशोवर्धन अशीं आपल्याकडचीं. हे जन्मानें ग्रीक असून येथें येऊन बौद्ध झाले आणि त्यांनीं नांवें बदललीं, कीं त्यांचे पूर्वज केव्हां तरी ग्रीक होते, कीं व्यापारांतील एखाद्या वर्गास तें नांव पडलें होतें? लेखांतील एका शब्दावरून याचा निर्णय होत नाहीं.

काळाचाही प्रश्न असाच आहे. क्षत्रप नहपान याचा जांवई ऋषभदत्त यानें वलूरकच्या भिक्षूंस करजिक नांवाचें गांव दान दिल्याचा लेख कार्ल्यास आहे. नहपानाच्या काळच्या नाशिक व जुन्नर येथील लेखांत ४१ पासून ४६ पर्यंतचीं वर्षें दिलेलीं आहेत. पण तीं कोणत्या शकाचीं, हें सांगितलेलें नाहीं. तीं शालिवाहन शकाचीं धरलीं तर ४६ वें वर्ष म्हणजे इ. स. १२४ येतें, पण तीं तशीं नव्हेत, नहपान याहून बराच आधीं होऊन गेला, असें म्हणणारे विद्वानही आहेत. इ. स. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, आणि त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपला ठसा मारलेला होता. यावरून गौतमीपुत्रानें नहपानास जिंकलें, हा क्रम निश्चित झाला; पण नेमकें कोणत्या वर्षीं, हें नाण्यांनीं सांगितलें नाहीं.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. ‘ठाऊक नाहीं’ याचा अर्थ ‘वाटेल तें म्हणावें’ असा होत नाहीं. धेनुकाकट कोठें होतें हें ठाऊक नाहीं, म्हणून लेणीं पांडवांनीं खोदलीं असें म्हणण्यास मुभा मिळत नाहीं. कारण खोदविणारांचीं नांवें तेथेंच लिहिलेलीं आहेत. भाज्याच्या शिल्पांत एक स्त्री तालवाद्य वाजवितांना दिसते. त्यावरून तबला दोन हजार वर्षांपूर्वीं येथेंच जन्मला, असें ठासून सांगणारे भेटतात. शिल्पावरून त्या काळीं वाद्यें होतीं, नृत्य होतें, एवढें सिद्ध होतें. आजच्या तबल्याशीं त्यांचें नातें जोडावयाचें, तर मधल्या शतकांचा दुवा दाखविला पाहिजे. अज्ञानालाही कुंपण असतें. तें कोठपर्यंत आहे हें नेमकें दाखविणें, हें ज्ञानाचेंच काम होय.

दुसरा प्रकार, ज्यांचा पुरावा शिल्लक आहे, पण अजून पुरता वाचून झालेला नाहीं अशा प्रश्नांचा. ज्या कातळांत हीं लेणीं खोदलीं, तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हाचे लोटावर लोट बाहेर पडले व थरावर थर सांचून दख्खनचें पठार बनलें. आजही हा खडक सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. भूशास्त्रज्ञांनीं या थरांचे जे विभाग पाडले आहेत, त्यांतील एकास ‘लोणावळा उपगट’ हेंच नांव आहे, व त्याच्या पोटांत खंडाळ्याच्या नांवाचाही एक थर आहे. घाटांत रस्त्याच्या वा रेल्वेच्या कडेला उभा कापलेला डोंगर पाहिला, तर काळ्या थरांच्या मध्यें कधीं कधीं तांबड्या मातीची पट्टी दिसते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळांत खालच्या खडकाची माती झाली, तिची ती खूण.

याच सुमारास पृथ्वीवरील प्रचंड सरपटणारे प्राणी, ज्यांस आपण डायनोसॉर म्हणतों, ते नाहींसे झाले. कां? इ. स. १९८० सालीं लुई व वॉल्टर आल्व्हारेझ या पितापुत्रांनीं आपल्या सहकाऱ्यांसह असें दाखविलें, कीं त्या काळच्या मातीच्या पातळ थरांत इरिडियम नांवाच्या धातूचें प्रमाण फार आहे. हा धातु भूपृष्ठावर दुर्मिळ, पण अशनींत विपुल. यावरून आकाशांतून एक महाकाय अशनि पृथ्वीवर आदळला असावा, असें त्यांनीं अनुमान केलें. पुढें मेक्सिको देशांत चिक्शुलूब येथें त्या आघाताचें विवरही ओळखलें गेलें. आज बहुतेक शास्त्रज्ञ या आघातास मुख्य कारण मानतात. परंतु आमच्या सह्याद्रीच्या लाव्हाचा व त्यांतून निघालेल्या वायूंचा त्या संहारांत किती वांटा होता, हा वाद मिटलेला नाहीं. इ. स. २०१९ सालीं एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन संशोधकमंडळांनीं आपापलीं अनुमानें छापलीं. एका मंडळानें उद्रेकांमधल्या तांबड्या थरांतील सूक्ष्म स्फटिकांवरून काळ मोजला, व एक मोठा उद्रेक आघाताच्या थोडासा आधीं झाला असें म्हटलें. दुसऱ्यानें खडकांतील आर्गॉन वायूवरून गणित केलें, आणि बहुतांश लाव्हा आघाताच्या नंतर बाहेर पडला असें म्हटलें.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांतच जर एकवाक्यता नाहीं, तर शास्त्रावर विश्वास कां ठेवावा? पण वाद कशाबद्दल आहे तें पाहा. कोट्यवधि वर्षांच्या इतिहासांत, हजारों वर्षें आधीं कीं नंतर, एवढ्यावर येऊन हा वाद ठेपला आहे. ज्यांस आपल्या अज्ञानाची रुंदी मोजतां येते, त्यांनीं केवढी मजल मारली असली पाहिजे! अशा प्रश्नाबद्दल ‘ठाऊक नाहीं’ म्हणतांना ‘अद्याप’ हा शब्द जोडावा. आज या मासिकाचा अंक हातांत धरणारा एखादा विद्यार्थी उद्यां हातोडी घेऊन याच घाटांत हिंडेल व त्याचें उत्तर शोधून काढील, असें कां न मानावें?

तिसरा प्रकार भविष्याविषयींच्या प्रश्नांचा. यंदा पाऊस कधीं येईल? मावळांत हा प्रश्न विचारला जात नाहीं असें एकही घर नसेल. वैशाखाच्या शेवटीं शेतकरी भाताचे दाढ भाजून तयार ठेवितो आणि पश्चिमेकडे डोळे लावून बसतो. पाऊस लवकर येऊन मध्येंच दडी मारील, तर रोपें करपतात. उशीर झाला, तर लावणी लांबते. या प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रयत्न आपल्या देशांत फार दिवसांचा आहे. हेन्री ब्लॅनफर्ड यानें हिमालयावरील बर्फाच्या मानावरून इ. स. १८८६ सालीं संबंध पावसाळ्याचें पहिलें अनुमान प्रसिद्ध केलें. पुढें गिल्बर्ट वॉकर यानें जगभरच्या वायुभाराच्या नोंदी ताडून, दूरच्या पॅसिफिक महासागरांतील हवेच्या हेलकाव्याचा आमच्या पावसाशीं संबंध आहे, हें शोधून काढलें. हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. आज उपग्रह व गणकयंत्रें हाताशीं असल्यामुळें चार दिवसांचें अनुमान पूर्वीपेक्षां कितीतरी विश्वासार्ह झालें आहे.

तरीही या ज्ञानास एक सीमा आहे, आणि ती केवळ यंत्रांच्या उणेपणाची नव्हे. इ. स. १९६३ सालीं एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञानें दाखविलें, कीं हवेसारख्या व्यवस्थेंत आरंभींचा अगदीं सूक्ष्म फरकही वाढत वाढत सर्व चित्र पालटून टाकूं शकतो. आपल्या घाटमाथ्यावर याचें एक सोपें उदाहरण आहे. माथ्याच्या धारेवर दोन थेंब हातभर अंतरानें पडले, तर एक पश्चिमेस उतरून उल्हास नदीच्या वाटेनें अरबी समुद्रास मिळतो. दुसरा इंद्रायणींत पडून भीमा व कृष्णा यांच्या संगतीनें बंगालच्या उपसागरांत जातो. आरंभीं हातभर अंतर, शेवटीं सारा हिंदुस्थान मध्यें! हवेंतील प्रत्येक कणाची स्थिति तंतोतंत मोजणें कोणासच शक्य नाहीं. म्हणून सुमारें दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशीं अमुक गांवीं पाऊस पडेल, असें खात्रीनें सांगतां येत नाहीं. पावसाळ्याचें साधारण मान मात्र बरेंच आधीं अजमावतां येतें.

मग शेतकरी काय करितो? उत्तर मिळेपर्यंत तो हात बांधून बसत नाहीं. दाढ भाजतो, बांध घालतो, बियाणें राखून ठेवितो, आणि मृगाचा रंग पाहून पेरतो. वडगांव मावळच्या कृषिसंशोधन केंद्रांत आंबेमोहोर व आय. आर. ८ या दोन जातींच्या संकरापासून ‘इंद्रायणी’ हा भात तयार झाला व १९८७ सालीं तो शेतकऱ्यांच्या हातीं आला. संकर केला तेव्हां कोणतें रोप सुवासिक निघेल व कोणतें भरघोस पिकेल, हें करणारांस आधीं थोडेंच दिसत होतें? पिढ्यान् पिढ्या पेरून, निवडून, टाकून, पुन्हां पेरून तें कळलें. अनिश्चिततेंत काम करण्याची ही रीत आपल्या घरांतलीच आहे.

चौथा प्रकार सर्वांत अवघड. मागें एका पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील एक मुलगा कित्येक दिवस शाळेंत आला नाहीं. त्याची धाकटी बहीण तापानें वारली होती. तो परत आला त्या दिवशीं, मधल्या सुट्टींत माझ्या टेबलाजवळ येऊन त्यानें हळूच विचारलें, “सर, तीच कां?” ताप कशानें येतो, औषध केव्हां लागू पडतें, हें वैद्यकशास्त्र सांगूं शकतें. पण त्या मुलाचा प्रश्न तो नव्हता. आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर उद्यां एखाद्या लेखांत वा खडकांत सांपडेल, असेंही नव्हतें. मला कांहीं सुचलें नाहीं. मीं त्यास म्हटलें, “बाळ, मला ठाऊक नाहीं,” आणि त्यास जवळ बसवून घेतलें. घंटा होईपर्यंत आम्ही दोघे तसेच बसलों होतों. त्या दिवशीं सूर्य आणि इंद्र यांच्यासारखें एखादें तयार उत्तर मीं त्यास दिलें असतें, तर तें अधिक मोठें पाप झालें असतें.

हा प्रश्न मनुष्यजातीस नवा नाहीं. ज्या भिक्षूंसाठीं भाजें व कार्लें येथील लेणीं खोदलीं, त्यांच्या ग्रंथांत मालुंक्यपुत्ताची कथा आहे. जग शाश्वत आहे कीं अशाश्वत, याचें उत्तर मिळाल्यावांचून मी साधना करणार नाहीं, असें तो बुद्धास म्हणाला. बुद्धानें त्यास विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टांत दिला: बाण मारणारा कोण, त्याचें कुळ कोणतें, धनुष्य कशाचें, हें कळेपर्यंत बाण काढूं देणार नाहीं, असें तो म्हणेल, तर उत्तर कळण्याआधींच मरेल. भाज्यास चौदा स्तूपांचा एक समूह आहे. अंपिनिक, धम्मगिरि, संघदिन अशीं स्थविरांचीं नांवें त्यांतील कांहींवर कोरलीं आहेत. ते कोण होते, हें आज कोणी जाणत नाहीं. पण हा दृष्टांत त्यांच्या कानांवरून गेला असावा, असें मानण्यास हरकत नाहीं.

ख्रिस्ती शास्त्रांत ईयोबाची गोष्ट आहे. त्याच्यावर संकटांचे डोंगर कोसळले, तेव्हां त्याचे मित्र येऊन सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले. तोंवर ते खरे मित्र होते. पुढें ते बोलूं लागले, त्याच्या दुःखाचीं कारणें सांगूं लागले, आणि तेथेंच चुकले. शेवटीं देवानें त्यांसच दोष दिला. आणि आपल्या इंद्रायणीकांठचे तुकोबा! इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळांत त्यांची प्रथम पत्नी अन्नावांचून मेली. भंडाऱ्याच्या डोंगरावर ते एकांतांत जाऊन बसत, हें सर्वांस ठाऊक आहे. ‘असें कां झालें’ याचें उत्तर त्यांस कोणत्या शब्दांत मिळालें, हें आपण जाणत नाहीं. पण लोकांकडून येणें असलेल्या कर्जाचीं आपल्या वांट्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. दुःखाचा अर्थ लागला नाहीं, तरी दुःखिताचें ओझें हलकें करितां येतें. त्यासाठीं उत्तराची वाट पाहावी लागत नाहीं.

आतां या सर्वांचा व्यवहारांत उपयोग काय, तें थोडक्यांत सांगतों. विद्यार्थ्यांनीं वाचतांना वा ऐकतांना प्रत्येक विधानास मनांत तीनांपैकीं एक खूण करावी: हें निश्चित आहे, हें संभवनीय आहे, कीं हें अज्ञात आहे. गौतमीपुत्रानें नहपानास जिंकलें, हें निश्चित. धेनुकाकटचे कुणबी मावळांतलेच होते, हें संभवनीय. रथांतील तो पुरुष कोण, हें अज्ञात. संभवनीयास निश्चित म्हणूं नये आणि अज्ञातास लाजूं नये. परीक्षेंत ‘ठाऊक नाहीं’ लिहिल्यानें गुण मिळणार नाहींत, हें खरें. म्हणून जें ठाऊक होण्यासारखें आहे, तें मेहनतीनें शिकलेंच पाहिजे. आळसामुळें आलेलें अज्ञान आणि मनुष्यमात्राच्या मर्यादेमुळें आलेलें अज्ञान, हीं दोन एकच नव्हेत. पहिल्यास दुसऱ्याचें पांघरूण घालूं नये.

पालकांस एवढीच विनंति, कीं मुलाच्या प्रश्नास उत्तर नसेल, तेव्हां ‘गप्प बैस’ म्हणून त्यास दटावूं नका, आणि वेळ मारून नेण्यासाठीं खोटें उत्तरही देऊं नका. “मलाही ठाऊक नाहीं, चल, आपण मिळून पाहूं,” असें म्हटल्यानें बापाचा किंवा आईचा मान कमी होत नाहीं. उलट, जेव्हां तुम्ही ‘हें मला ठाऊक आहे’ असें म्हणाल, तेव्हां मूल तुमच्या शब्दावर निःशंक विश्वास ठेवील. हा विश्वास एकदां गमावल्यावर परत मिळवितांना काय पडतें, तें मी अनुभवानें सांगतों.

हल्लीं मी मुलांस भाज्यास नेतों, तेव्हां त्या विहाराच्या ओसरींत त्यांस प्रथम गप्प उभें करितों. “काय दिसतें तें सांगा,” असें विचारतों. कोणी घोडे मोजतो, कोणी चवरीवाली दाखवितो, कोणी हत्तीच्या सोंडेंतलें झाड. मग दोन्ही मतें सांगतों, त्यांचीं कारणें सांगतों, आणि शेवटीं म्हणतों, “यांतलें खरें कोणतें, हें मला ठाऊक नाहीं.” मुलें निराश होतील, असें मला पूर्वीं वाटत असे. तसें होत नाहीं. तीं पुन्हां पुढें सरसावतात, आणि पहिल्यापेक्षां जास्त बारकाईनें पाहूं लागतात.